डावा कौल

पेजेत मीठ कमी पडलं एवढ्यावरून बाबांनी आईवर कोयती चालवली. तिने हात आडवा घातला म्हणून मान वाचली, पण कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं. जन्मात कधी आवाज न चढवलेला हा माणूस घाणेरड्या शिव्या देत होता, आणि मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू?

आदल्या वर्षी त्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उपचार झाले होते. औषधं संपली, वजन भरलं, आम्ही पालीहून पेढे आणून वाटले. मग रोज सकाळी डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. पित्त असेल, म्हणालो. आणि आता हा अवतार. धाकट्या काकांनी निदान ठोकून दिलं, "बाहेरचा लागलाय गो. औंदा बागेतल्या राखणदार देवाला कोंबडा दिला नाय, त्याचाच कोप."

बाबांना पडवीतल्या खांबाला बांधलं. काका निरगुडीच्या फोकांनी त्यांची पाठ सोलत होते. बाबा लाथा झाडायला लागले तेव्हा पाय मी धरले. मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून धरले, आणि आईचा हात आठवून आणखी घट्ट आवळले. एकाएकी त्यांचं अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. काका खूश. "निघतोय बघ!"

निघत काही नव्हतं. ती फीट होती. तेव्हा कुठे माझी अक्कल जागी झाली आणि मी गाडी बोलावली.

रत्नागिरीत स्कॅन झाला, तिथून कोल्हापूर. सर्जन सरळ बोलले, "फुफ्फुसातलाच कॅन्सर मेंदूत आलाय. गाठ एकच आहे, वरच्या बाजूला, हात पोचतो. काढली की दाब उतरेल, तुमचा माणूस तुम्हाला परत मिळेल. रोग जाणार नाही. पुढे किरणं द्यावी लागतील."

आई सही करणार तेवढ्यात काकांचा फोन. त्यांनी गावदेवीला कौल लावला होता. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या फुलांपैकी उजवीकडचं आधी पडलं तर होकार. डावीकडचं पडलं होतं. "वयनी, देवी नको म्हणते. कापू नका."

देवीला विचारल्याशिवाय आईने कधी नांगरसुद्धा जुंपू दिला नव्हता. ती फोनवर ओरडली, "भावजी, गाठ ह्यांच्या डोक्यात हाय, देवीच्या नाय!" आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. उजवा बँडेजमध्ये होता.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी तो हात पाहिला. "काय लागलं गो?"

"विळीवर कापलं," आई म्हणाली. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

सात महिने मिळाले. तेच आमचे जुने बाबा, हळू बोलणारे. शेवटी पाय सुजले. तेल लावायला मी हात लावला की ते पाय झटकन पोटाशी ओढून घ्यायचे, आणि ओशाळून म्हणायचे, "असा का होतो काय कळत नाय गो. तू लाव." मी खाली मान घालून तेल लावायची. त्यांना सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.