खोल्या टिपणारे ढोले सर

विद्यार्थ्यांनी काढलेले वाईट फोटो ढोले सर स्वतः कधी पुसत नसत. ज्याचे त्याला पुसायला लावत. पहिल्याच दिवशी एका रिकाम्या फ्लॅटचे मी काढलेले चाळीस फोटो त्यांनी भराभर पाहिले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "डोये घरी ठेवून आली का? पूस. एकएक करून पूस, म्हंजे ध्यानात राहीन." सगळ्यांसमोर मी चाळीस वेळा बटण दाबलं. सर चहा पीत पाहत होते.

अमरावतीला आमचा फोटोग्राफीचा कोर्स चालू होता. शेवटचे तीन महिने कुणाकडे तरी प्रत्यक्ष काम करायचं आणि त्यांची सही आणायची, त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. मी आणि माझी मैत्रीण उज्ज्वला अकोल्याला सरांकडे लागलो. विकायची घरं, दुकानांचे गाळे, नवी ऑफिसं यांचे जाहिरातीसाठी फोटो काढणं हा त्यांचा धंदा. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. ते कोपऱ्यात उकिडवे बसायचे आणि तिथून दहा बाय दहाची बैठक दिवाणखान्यासारखी दिसायची. "खोली लहान नसते, उभा राह्यणारा मूर्ख असते," म्हणायचे. फरशीवरचा डाग स्वतःच्या रुमालाने पुसायचे. फोटोत माणूस मात्र त्यांना चालत नसे. "माणूस दिसला का गिऱ्हाइकाले वाटते, घर भरेल आहे." मला आज जे काम येतं, ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे.

एका सकाळी दलालाने दिलेला पत्ता वाचून उज्ज्वलाचा चेहरा उतरला. ते तिचंच घर होतं. वडील गेल्यावर घर भावाच्या नावावर झालं होतं. तो नागपूरला, आई इथे अकोल्यात एकटी. भावाने घर विकायला काढल्याचं उज्ज्वलाला माहीत होतं. आईला कोणी सांगायचं, यावर बहीणभावाचं अडलं होतं.

"सर, मले आज नका नेऊ. आईले अजून माईत नाई."

"मंग त तूच पाह्यजे. कोन्त्या खिडकीतून कवा ऊन येते, तुलेच माईत. नाई आली त सहीले येऊ नको."

आईला वाटलं, लेकीचा अभ्यास चाललाय. तिने ठेवणीतली साडी नेसली, आमच्यासाठी पोहे केले आणि बशी घेऊन पूर्वेच्या खिडकीपाशी बसली. "माहा बी एक काढजो वं."

"मावशी, तुमी अंगनात बसा," सर म्हणाले.

"कावून? घर माहं हाय नं."

उज्ज्वलाने सरांपुढे हात जोडले. सरांनी ते पाहिले. मग कॅमेऱ्यातून नजर न काढता म्हणाले, "पोरगा इकून राह्यला तुमचा. पोरीले इचारा."

आईने बशी खाली ठेवली. "तुले माईत होतं?"

"हो," उज्ज्वला म्हणाली.

आईने खुंटीवरची साडी, कॅलेंडर, औषधांचा डबा असं एकेक उचललं आणि अंगणात जाऊन बसली. मी पडदा धरून उभी होते. तो तसाच धरून ठेवला. सही मलाही हवी होती.

उज्ज्वलाने सगळे फोटो काढले. सरांनी ते दोनदा पाहिले, एकही पुसायला सांगितला नाही. "आता झाली तू फोटोग्राफर." तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. परत कधी आली नाही. माझाही फोन तिने उचलला नाही. घर महिनाभरात विकलं गेलं. बैठकीचा तो फोटो सर पुढची कित्येक वर्षं नव्या मुलांना दाखवत. काढणारीचं नाव सांगत नसत.

आता मी अमरावतीत हाच धंदा करते. गेल्या उन्हाळ्यात सरांना लकवा मारल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती.

"सर, उज्ज्वला आठवते?"

"कोन उज्ज्वला?"

मी त्या घराची आठवण दिली. त्यांचा अर्धा चेहरा उजळला. "ते पूर्वेच्या खिडकीवालं! काय ऊन होतं, पोरी! त्याचा फोटो तूच काढला होता नं?"

मी "हो" म्हणाले.

"मले माईत होतं. तुह्यात दम होता," असं म्हणत त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबला. त्यांच्याकडून मला कधीच शाबासकी मिळाली नव्हती. मी हात सोडवून घेतला नाही.