धुडाचं गाणं

वाद्यवृंदात सगळे त्यांना खर्जेराव म्हणत. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, चार तारांचं धूड. त्यावर आपण खर्ज धरून उभं राहायचं, आणि गायचं ते पुढे बसलेल्या व्हायोलिनवाल्यांनी. यातच त्यांची हयात गेली होती. आता साठी जवळ आली होती, उजवा खांदा कुरकुरत होता आणि तालमीत दोन सुरांच्या मधे चक्क जांभया येत होत्या.

नाट्यगृहाच्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा कपाटं उपसायला तेही मदतीला लागले. ओल्या गठ्ठ्यांत एक जुनी स्वरलिपी निघाली. डबल बेस आणि पियानोसाठी, कुणा विसरल्या गेलेल्या बेसवादकाने शंभरेक वर्षांपूर्वी लिहिलेली. खर्जेरावांनी ती उलटसुलट करून पाहिली. प्रेमात पडलेल्या माणसाने लिहावी तशी गाणारी ओळ, आणि तीही बेसलाच दिलेली!

घरी वाद्य उभं करायला स्वयंपाकघराशिवाय जागा नव्हती. इतके चढे सूर काढायचे तर वाद्यावर ओणवं होऊन अंगठा तारांवर आडवा दाबावा लागे. अंगठ्याची सालं निघाली.

"अहो, या वयात हे काय खूळ?" शिवणाच्या मशीनवरून बायको म्हणाली. "वर्षभरात नोकरीतून सुटाल ना."

"म्हणूनच तर," ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

तालमींना पियानो वाजवणाऱ्या बाईंना त्यांनी बिचकतच साथीचं विचारलं. त्या लगेच तयार झाल्या. पण शेवटचा द्रुत भाग काही केल्या बोटांना बधेना.

"बाई, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तरुणपणी सापडायला हवं होतं."

"नाही सापडलं," बाई म्हणाल्या. "संथ भाग होतोय ना? तेवढाच वाजवू."

दुपारच्या सुट्टीत तालमीच्या खोलीत तेवढाच वाजवला. ऐकायला बायको, दारवान आणि डबे खाता खाता थांबलेले काही वादक. पहिलाच सूर घसरला. मग आवाज लागला, घसा बसलेल्या माणसाने जपून, पण मनातलं बोलावं तसा. दारवानाने दार हलकेच लोटून घेतलं.

संपल्यावर बायकोने डोळे पुसले. "हे धूड गातं, हे कधी बोलला नाहीत ते?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं?"

संचालकांच्या कानावर गेलं. "कार्यक्रमात घ्यायचं का, ते पुढच्या मोसमात बघू," ते म्हणाले. याचा अर्थ खर्जेरावांना पुरता कळत होता. राग आला नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रयोग उरकल्यावर त्यांनी द्रुत भागाची पानं शेजारी बेस वाजवणाऱ्या मुलीपुढे धरली. "हे तू बघ. संथ भाग राहू दे माझ्याकडे."

तिने पानांवरून नजर फिरवली. "बाप रे! हे कोण वाजवणार, काका?"

"तू," ते म्हणाले आणि स्टुलावर टेकून गजाचे केस सैल करू लागले.