ऐकून राहिला

बाई, माझी मोठी बहीण, गेल्याचं मला रेखाने कळवलं. रेखा म्हणजे बाईची एकुलती एक मुलगी. तिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही, म्हणून ती नेहमी व्हिडिओ कॉल करते आणि आधी स्वतःचा चेहरा दाखवून हसते. त्या सकाळी साडेनऊला फोन उचलला तर पडद्यावर चेहरा नव्हता. देवघराची फळी होती, आदल्या दिवशीची वाळलेली फुलं होती आणि न लावलेला दिवा होता. साडेनऊपर्यंत बाईच्या घरी दिवा लागला नाही, असं मी पाहिलेलं नव्हतं. मग फोन हळूहळू खाटेकडे वळला... मी गोंदियाजवळच्या मुर्रीत माझ्या घरात उभी होते, हातात चहाची गाळणी होती, आणि ती गाळणी धुऊन जागेवर ठेवल्यावरच मी रडायला बसले. माणूस कसा वागतो ते वेळ आल्यावरच कळतं.

आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाई म्हणायची पद्धत. पुढे पुण्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा पोरं मलाच बाई म्हणू लागली, आणि मला दरवेळी वाटायचं की मागे माझी बहीण उभी आहे. खरं तर शिक्षिका ती व्हायची. अक्षर तिचं चांगलं, पाठांतर तिचं चांगलं, खेड्यातल्या शाळेत गुरुजी नसले की वर्ग सांभाळायची तीच. पण तिचं लग्न लवकर झालं, सौंदडच्या रेल्वेत काम करणाऱ्या मुलाशी, आणि शिकायला मी गेले. यावर ती कधी बोलली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "तू शिकली ना? मंग झालं. घरातली एक शिकली." मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं.

रेखा दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण पोरगी हाकेला बघेना. गोंदियाचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. कानाचं मशीन आणलं, ते रेखाने काढून तांदळाच्या डब्यात टाकलं, पुन्हा लावलं, पुन्हा डब्यात. शेवटी बाईने महाशिवरात्रीला आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या जत्रेत नवस केला की पोरगी ऐकायला लागली की महादेवाला घंटा बांधीन. आता नवसाची घंटा नवस फिटल्यावर घ्यायची असते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. बाईने ती त्याच दिवशी, त्याच जत्रेतल्या दुकानातून घेतली. कडीला टांगायची, चांगली जड पितळी घंटा. भाऊजी म्हणाले, आधी कायले घेतेस? तर म्हणे, "तेव्हा दुकान बंद असलं त?" इतकी तिची खात्री.

तेव्हा तिने मला पुण्याला पत्र लिहिलं. त्यात शेवटी होतं, "नवस बोलली आहे. घंटा घेऊन ठेवली. देव ऐकून राहिला." मी ते वाचलं आणि मला वाटलं, किती कडू आणि किती खरं लिहिलंय हिने. देवाने ऐकलं आणि तसाच बसून राहिला. मी उलटटपाली लिहिलं, "बाई, अगदी बरोबर. नुसता ऐकून राहिला, जागचा हललासुद्धा नाही." पुढे दोन-अडीच महिने तिचं पत्र आलं नाही. उन्हाळ्यात मी सौंदडला गेले तेव्हा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "तू असं काऊन लिहिलं मले?" मी पत्रातलं तिचंच वाक्य तिला म्हणून दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान गरम झाले. आमच्या बोलीत जेवून राहिला म्हणजे जेवतो आहे, येऊन राहिला म्हणजे येतो आहे. देव ऐकून राहिला म्हणजे देव ऐकतो आहे, आत्ता, मी हे लिहिते आहे तेव्हा. ज्या भाषेत मी लहानाची मोठी झाले ती मी पाचसहा वर्षांत पुण्याच्या कानाने वाचायला लागले होते, आणि वर मराठीची शिक्षिका. बाईने एवढंच म्हटलं, "आपली बोली भुलली तू." मला ते फार लागलं. आजही लागतं.

त्याच उन्हाळ्यात मी ती गोष्ट पाहिली. सकाळी पूजा झाली की बाई ती नवसाची घंटा हातात घ्यायची आणि अंगणात खेळणाऱ्या रेखाच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. रेखा आंब्याच्या कोया रांगेत मांडत बसलेली. बाई घंटा वाजवायची आणि पोरीच्या मानेकडे बघायची. मान वळत नसे. मग ती घंटा आत ठेवायची आणि चहा टाकायची. रोज. मी आठ दिवस होते, आठही दिवस हेच. नवव्या दिवशी मी निघाले तेव्हा गाडीत मला देवाचा इतका राग आला की मी मनातल्या मनात त्याला नको ते बोलले. बाई काही संत नव्हती. एका वर्षी ती प्रतापगडला गेलीच नाही, आणि पंधरा दिवस तिने देवघरातल्या महादेवाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. मग स्वतःच वळवलं. का वळवलं विचारलं तर म्हणाली, "दिवा लावाले बरं दिसे नाही."

रेखा नऊ वर्षांची असताना तो प्रकार घडला. घंटा रोज हातात धरून बाईचं मनगट दुखायला लागलं होतं, म्हणून भाऊजींनी देवघराच्या लाकडी फळीला खालून कडी ठोकून ती टांगून दिली. एका सकाळी रेखा फळी पुसत होती, मागून बाईने घंटा वाजवली, आणि रेखा दचकून वळली. बाई तशीच रस्त्यावर धावली. शेजारच्या देवकाला हाका मारल्या, "देवके, पोरगी ऐकून राहिली." गल्ली गोळा झाली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी थाळी बडवली, कोणी नावाने हाका मारल्या. रेखा सगळ्यांकडे बघून हसत होती, कारण सगळे हसत होते. पण ती पाठमोरी झाली की कशालाच वळेना. तासाभराने कोणाच्या तरी लक्षात आलं की घंटा वाजली तेव्हा पोरीचा हात फळीवर होता. लाकूड थरथरलं, ते हाताला कळलं, बाकी काही नाही. एकेक शेजारीण काहीतरी काम आठवून घरी गेली. बाई दिवसभर जेवली नाही.

पुढचं तिने मला फार वर्षांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. संध्याकाळी दिवा लावायलाही ती उठली नव्हती. तर रेखाने येऊन तिचा हात धरला, देवघरापाशी ओढत नेलं, तिचा तळवा फळीवर दाबून ठेवला आणि घंटा वाजवली. "मले ठाऊकच नोहतं कुसुम," बाई म्हणाली, "हातालेबी घंटा समजते. इतके वर्षं मीच वाजवून राहिली होती, पन मले नोहतं समजलं." त्या दिवसापासून पाठीमागून घंटा वाजवणं बंद झालं. रोज सकाळी रेखा फळीवर तळवा ठेवून बसायची आणि बाई वाजवायची. दोघींच्या खुणांच्या भाषेत आई म्हणजे नाकातल्या खड्याला बोट, मी म्हणजे डोळ्यांपाशी चष्म्याचे दोन गोल, आणि देव म्हणजे लाकडावर दोन थापा.

मी तिला म्हटलं, मग आता ती घंटा प्रतापगडला देऊन का टाकत नाहीस? तिने खूप विचार करून उत्तर दिलं. "नवस फिटला असं म्हनता येत नाही. नाही फिटला असंबी म्हनता येत नाही. म्हनून घरीच हाये." मी वाद घालायची. तुझं शिक्षण गेलं, पोरीचे कान गेले, भाऊजी रिटायर व्हायच्या आत गेले, आणि तू अजून त्याच्यापुढे वात लावतेस? ती चिडायची नाही. एकदा मात्र शांतपणे म्हणाली, "रेखानं मले कधी आई म्हनून हाक मारली का? मंग मी तिची आई नाही का?" मी उठून चहा टाकला. पटलं म्हणून नव्हे.

नवरा गेल्यावर आणि निवृत्त झाल्यावर मी पुणं सोडून मुर्रीला दोन खोल्यांचं घर घेतलं. गोंदिया जवळ, दवाखाना जवळ, भाजी दारात, आणि जिने नाहीत. गुडघ्यांनी ठरवलेलं घर होतं ते. आयुष्यभर घंटा झाली की उठले, घंटा झाली की बसले, आता उशिरापर्यंत झोपायचं आणि कोणाचं काही करायचं नाही, एवढीच माझी इच्छा होती. रविवारी गाडीने सौंदडला जाऊन संध्याकाळी परत येत असे. बाईचं हृदय तेव्हाच थकलं होतं. रेखा दारातल्या मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, बाई खाटेवरून तिच्याकडे बघत पडलेली असायची.

शेवटची भेट जाण्याच्या आधीच्या रविवारी झाली. बोलताना तिला धाप लागत होती. म्हणाली, "रेखाची काळजी मले नाही."

"काऊन नाही?" मी विचारलं. मलाच होती ती काळजी, आणि ती कोणाच्या गळ्यात पडणार हे दिसत होतं, म्हणून माझा आवाज चढला.

"देव ऐकून राहिला."

"तीस वर्षं ऐकूनच राहिला आहे तो, बाई. कधी उठला का जागचा?"

ती इतकी हसली की तिला खोकला आला. पाणी पिऊन म्हणाली, "मंग तू मुर्रीले कायले आली? पुन्यात घर होतं ना तुहं?"

मी तिला सांगितलं की मी माझ्या गुडघ्यांसाठी आले. तिने मान हलवली, लहान मूल काहीतरी थाप मारतं आहे आणि आपण मारू द्यावी, तशी. मला राग आला. मला कोणी पाठवलेलं नव्हतं. मी घराचे कागद स्वतः केले, सामान स्वतः बांधलं, आणि हिच्या हिशेबी मी म्हणजे देवाने धाडलेली बाई. मी नेहमीच्या गाडीने निघाले आणि निघताना तिच्या पायांवर हातही फिरवला नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. एका चुलत्याने सुचवलं की घंटा आता देवळात देऊन टाका, घरात नवसाची वस्तू ठेवू नये. रेखाने खुणेवरून ओळखलं आणि ती फळीपुढे जाऊन उभी राहिली. विषय तिथेच संपला. मी तिला माझ्याबरोबर मुर्रीला चल म्हणून खुणावलं. तिने मशीनकडे बोट दाखवलं, दारातल्या बायकांकडे दाखवलं, मग लाकडावर दोन थापा मारल्या. म्हणजे मशीन इथे, गिऱ्हाईक इथे, देव इथे. मी मुर्रीच्या घराला कुलूप लावून आले. दोनचार दिवसांसाठी म्हणून आले होते, त्याला आता सहा आठवडे झाले. परवा देवका दारातून विचारत होती, "मास्तरीणबाई, इथंच राहून राहिल्या का आता?" मी म्हटलं, "राहून राहिली." तोंडातून गेलं ते असं.

थकले आहे मी. हे कोणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. बाईचं कपाट आवरायचं आहे, रेखाची कागदपत्रं करायची आहेत, गुडघे बोलतात, आणि माझ्यानंतर तिचं कोण हा प्रश्न होता तिथेच आहे, फक्त बाईच्या खाटेवरून माझ्या खाटेवर आला आहे. माझा देवावर विश्वास बसला असंही नाही. सुतक फिटल्यावर पहिल्या सकाळी रेखाने दिवा लावला, तळवा फळीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच घंटा वाजवून पाहिली. मग मान हलवली. स्वतःच वाजवलेली घंटा काही उपयोगाची नसावी. तिने डोळ्यांपाशी चष्म्याचे दोन गोल केले. तेव्हापासून सकाळी घंटा मी वाजवते, पोरीसाठी, देवासाठी नाही, असं स्वतःला बजावत.

आज सकाळी मात्र उठवेना. रात्री गुडघ्यांनी झोपू दिलं नव्हतं. ठरवलं, आज नाही, एक दिवस घंटा वाजली नाही तर कोणाचं काही अडत नाही. खाटेवरून देवघर दिसतं. रेखाने दिवा लावला, फुलं वाहिली, तळवा फळीवर ठेवला. मला वाटलं वळून बघेल, चष्म्याची खूण करेल. तिने मागे पाहिलंच नाही. पाचेक मिनिटं गेली, चुलीवरचं पाणी उकळायला लागलं, तिचा हात तिथेच. ना राग, ना घाई. बाई जिच्या मानेकडे इतकी वर्षं बघत उभी राहिली ती मान मला पाठीमागून दिसत होती. घंटा वाजलेली नव्हती आणि रेखा ऐकून राहिली होती.

मी उठले.