भाकरीवर रुसलेले दोन जावई

खंडू गेला.

आज सकाळी गेला. दुपारी त्याला पोचवून आलो, आंघोळ केली, आणि तेव्हापासून ताट समोर घेऊन बसलोय. हात पुढं होत न्हाई.

नव्वदी पार केलेला म्हातारा फेसबुकवर काय करून राह्यला, असं वाटंल तुम्हाला. मी बोलतोय, नात टाइप करून राह्यली. तिला सांगितलंय, माझी भाषा बिलकुल सुधरायची न्हाई.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या हायस्कूलात आम्ही तिघं एका बेंचवर. मी टेंभुर्णीचा, शेतकऱ्याचा. खंडू घनसावंगीकडचा, धनगराचा. रशीद जालन्यातलाच, त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान.

शिकायचं उर्दूत, भांडायचं मराठीत आणि खायचं दोन्हींत!

शुक्रवारची जुम्म्याची सुट्टी म्हणजे आमची दिवाळी. सकाळी तलावात पोहायचं, मंग बाजारातली गरम भजी. कुठं कुस्ती असली तर तिथं जाऊन घसा बसेस्तोवर बोंबलायचं.

रशीदच्या अम्मीची खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा. माझ्या घरून आलेले धपाटे. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात हुरडा, आणि तोही इतका की परत येताना चालवत नसे.

खंडू खाताना डोळे मिटायचा.

"अबे, जेवून राह्यला का नमाज पढून राह्यला?" रशीद विचारायचा.

"बघितलं की जल्दी संपतं," खंडू म्हणायचा.

अभ्यासात मात्र आमच्यातला वाघ तोच. मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, हा मॅट्रिक होणार. त्याच्या घरात तोवर कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी हिवाळ्यात त्याचे आबा मेंढरं घेऊन जालन्याजवळ आल्ते. एका शेतकऱ्यानं खतासाठी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतल्ती. आबांनी निरोप धाडला, जुम्म्याला दोस्तांना घेऊन जेवायला ये.

आम्ही उड्या मारत गेलो. मेंढरांच्या तळावर खंडूची आई बाजरीच्या भाकरी थापत होती. आबांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं.

"उद्या तळ हालणार. खंडू संगं येणार. हात कमी पडून राह्यलेत. साळा बस झाली."

बापापुढं बोलायची कुणाची टाप होती तेव्हा? खंडू खाली मान घालून तळावरच्या कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत बसला.

आणि परीक्षा तोंडावर आलेली.

आईनं ताटं वाढली. भाकरी, लसणाचा ठेचा, मेंढीचं घट्ट दूध. पोटात कावळे ओरडत होते. मला काय सुचलं देव जाणे, मी हात बांधून बसलो.

"काय झालं रं? जेव की," आबा म्हणाले.

"मी रुसलोय."

आमच्याकडं लग्नात जावई ताटावर रुसतो, ठाऊक असंल तुम्हाला. मागितलेलं सासऱ्यानं कबूल केल्याशिवाय तो घास उचलत न्हाई.

मी रशीदला कोपरानं ढोसलं. पण त्या बिचाऱ्यानं तोवर हा एवढा घास तोंडात कोंबल्ता! आता गिळता येईना, थुंकता येईना. तसाच गाल फुगवून, हात बांधून बसला.

आबा खो खो हसले. "दोन दोन जावई! मागा. मेंढरू देऊ?"

"न्हाई मामा. खंडू द्या. परीक्षेपर्यंत."

हसू थांबलं. आबा उठले आणि मेंढरांकडं तोंड करून उभे राह्यले. मला वाटलं, आता काठी बसती.

शेवटी आई बोलली. "माझ्या चुलीवरून पाव्हणा उपाशी उठला न्हाई आजवर. देऊन टाका. भाकर गार होऊन राह्यली."

आबा वळले. "मेंढरू मागायचं होतं रे पोरांनो, सस्त्यात सुटलो असतो." मंग आमच्यासमोर येऊन बसले. "दिला. पण नापास झाला तर तुमी दोघं यायचं मेंढरं वळायला."

रशीदनं घास गिळला. खंडू रडला. त्या दिवशी तो पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी जेवला.

खंडू पास झाला. नापास मी झालो! पण शर्त फक्त खंडूची होती, म्हणून वाचलो.

पुढं तो जनावरांचा डॉक्टर झाला. ऊन म्हटलं न्हाई, पाऊस म्हटला न्हाई, धनगरांच्या तळांवर पायी जायचा. आणि त्याचे आबा गावोगाव छाती काढून सांगायचे, "डॉक्टर माझा न्हाई बाबा. दोन जावयांना देऊन टाकल्ता."

मला लई गर्व हाय त्याचा. आबांचाही. स्वतःचाही थोडा हाय, खोटं कशाला बोलू.

रशीद जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात कळलं की खंडूनं अन्न सोडलं. मी त्याच्या घरी गेलो. सुनेनं दोघांना ताटं वाढली. मी हात बांधून बसलो.

म्हातारा हसला. "मागा जावईबापू."

"तू जेव."

अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली त्यानं. डोळे मिटून. मंग म्हणाला, "आता परत रुसू नको गड्या. आबाकडं होतं, म्हणून दिलं. माझ्याकडं आता द्यायला काही राह्यलं न्हाई. मी गेलो की गुमान जेवायचं."

नात विचारून राह्यली, "आजोबा, भाकर गरम करून आणू का?"

राहू दे म्हटलं. गारच बरी.

जेवतो रे खंडू. तुझ्या दारचा पाव्हणा उपाशी उठणार न्हाई.

राम राम, डॉक्टरसाहेब.