वळणावरचा नावाडी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे दुरुस्त करून देणारं एक दुकान आहे. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर घालणं, असली कामं. दुकान चालवणारी बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. मला ते नीट जमेल असं नाही, पण घडलं त्या क्रमानं सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं ओव्हरकोट दुरुस्तीला टाकला आणि तो न्यायला ते परत आलंच नाही. कोटाच्या आतल्या खिशात एक पातळ पुस्तक आणि कापडी पिशवीत फासे होते. वर्षभर वाट पाहून ताईनं पुस्तक उघडलं. तो गोष्टीचा खेळ होता. टेबलाभोवती चार जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते साधलं की नाही हे फासे ठरवतात. अशी एक मोहीम वर्षानुवर्षं चालू शकते.

पहिला तयार झाला तो तिचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गोष्टीत तो नावाडी झाला. मग गल्लीतला पोस्टमन आला, तो चोर झाला. मी नोकरीत असताना जमिनीचे नकाशे काढायचो, म्हणून ताईनं मला नदीचा नकाशा काढून मागितला. तो द्यायला गेलो तर म्हणाली, "उभे काय राहिलात? बसा." मी रस्त्यावरचे दिवे लावणारा माणूस झालो. सहा वर्षं दर रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही तिच्या कापडं बेतायच्या टेबलाशी बसत होतो.

पुढची गोष्ट ती आठवडाभर बेतायची. कपड्याचे नमुने कापायचा खाकी कागद असतो, त्यावर प्रत्येक माणसाची एक रेघ. त्याला काय हवंय, कुठे अडणार, दुसऱ्याच्या रेघेला कुठे भेटणार. काहीही पक्कं करायची नाही. म्हणायची, "आधी कच्चे टाके. माणूस अंगात घालून बघतो, कुठे ओढतंय ते कळतं, मग उसवायचं."

"ताई, माझ्या चोराला काखेत ओढतंय," पोस्टमन म्हणायचा. "तीन रविवार उपाशी ठेवलंयस त्याला."

"चोरी करायला सांगितली तर पत्ता विचारत बसतो तुझा चोर. उपाशीच राहणार."

तिचा एक नियम मात्र पक्का होता. कुणाचा माणूस गोष्टीत मरणार असेल तर ती त्या खेळणाऱ्याला आधी बाजूला घेऊन विचारायची. याला ती माप घेणं म्हणायची. त्यानं नाही म्हटलं, तर फासे काहीही म्हणोत, तो माणूस मरत नसे.

गेल्या वर्षी मोहीम संपवायची असं तिनं ठरवलं. नावाडी नदीच्या वळणावर बुडणार, त्यामुळे बाकीचे नदी सोडून शहरात परतणार, आणि सगळ्यांच्या रेघा तिथे मिळणार. तिनं भावाला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. तो खुर्चीच्या पाठीला रेलून हसला.

"बुडव ताई. सहा वर्षं वल्हवतोय, हात भरून आले."

"नीट विचार करून सांग. नंतर कुरकुर चालणार नाही."

"विचार कसला? बुडव म्हटलं ना."

मी त्या वळणाचा वेगळा मोठा नकाशा काढला. खडक दाखवले, प्रवाहाचे बाण काढले, आणि एका जागी फुली मारून लिहिलं, 'नावाडी येथे बुडतो'. खाली तारीख घातली. नकाशाला तारीख नसेल तर आमच्या कचेरीत तो परत पाठवत, ती सवय हाताला आहे. तो गुरुवार होता. रविवारच्या खेळात नाव वळणापर्यंत पोचली नाही. सोमवारी सकाळी ताईचा भाऊ कामावर असताना छातीत कळ येऊन पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पाचव्या दिवशी ताईनं दुकान उघडलं. मी खाली गेलो तर ती एका शाळेचे गणवेश शिवत होती. मी स्टुलावर बसलो. शिवण सरळ येत होती. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं नेहमीसारखं विचारलं, "घालून बघता की तसंच नेता?" रविवारी पोस्टमन आणि मी सवयीनं तीनला गेलो. टेबल रिकामं होतं. चहा घेतला आणि सहाला उठलो. पुढचे दोन रविवारही तसेच गेले.

चौथ्या रविवारी तिची भावजय दुकानाची जादा किल्ली परत द्यायला आली. ती नवऱ्याच्या खेळाला हसायची, त्याला फासेबहाद्दर म्हणायची. किल्ली ठेवायला तिनं टेबलावरचं कापड सरकवलं. खाली माझा नकाशा होता. तो उचलून ठेवायला हवा होता, हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. तिनं फुलीजवळचं वाचलं, मग तारीख वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"चार दिवस आधी?"

पोस्टमन कपात बघत राहिला. ताई म्हणाली, "वहिनी, ते गोष्टीतलं आहे. बेत माझा होता, काकांनी फक्त काढून दिलं."

"आमच्या यांना माहीत होतं?"

"विचारलं होतं मी."

"काय म्हणाले?"

"बुडव म्हणाला."

भावजय नवऱ्याच्या खुर्चीत बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. इतके दिवस आमच्यापैकी कुणीच रडलं नव्हतं. तिनं नकाशावरची नदी बोटानं वरपासून खालपर्यंत पाहिली.

"मग बुडाला का?"

"नाही. तो खेळ व्हायचा राहिला."

"म्हणजे अजून नावेत आहे."

"हो."

"आता त्याचं कोण बघतं?"

ताईनं किल्ली उचलून खणात ठेवली. मग म्हणाली, "कोणी नाही. तुम्ही बघा."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, वन्सं."

"त्यालाही कळत नव्हतं." ताईनं टेबलावर हात ठेवला. "तुम्ही बघणार असाल तर मला तुम्हाला विचारायला हवं. त्याला वळणावर बुडवू का?"

"नाही," भावजय म्हणाली. "ते हो म्हणाले असतील. मी नाही म्हणते."

"बरं," ताई म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं खाकी कागदावरच्या सगळ्या रेघा पुसल्या. नावाडी बुडत नाही म्हटल्यावर एकही रेघ जागेवर राहत नव्हती. नवं काही सुचलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सुचत नाही काका. नुसतं पुसतेय."

पुढच्या रविवारी भावजय आली. फासे कसे टाकायचे ते पोस्टमननं दाखवलं. "वहिनी, हातात इतका वेळ घोळवू नका, फासे आहेत, भाकरी नव्हे." तिनं टाकले तर सगळ्यात कमी पडले.

"वाईट आहे का?" तिनं विचारलं.

"नाव खडकावर फुटली," ताई म्हणाली. आवाज पँटची लांबी सांगावी तसा होता. "नावाडी पोहत काठाला लागला."

"सामान?"

"गेलं."

"मग आता तो काय करतो?"

"ते तुम्ही सांगायचं."

"त्याला नाव चालवण्याशिवाय दुसरं येतं तरी काय?"

"मला माहीत नाही, वहिनी."

भावजयीनं फासे पिशवीत भरले. "बसू दे मग त्याला काठावर."

ताईनं कागदावर लिहिलं, 'काठावर बसला आहे.' मग माझी पाळी आली, मी एक दिवा लावला. चोरानं शहरात जाऊन काहीतरी उचललं. मोहिमेला आता शेवट नाही, आम्ही नुसते खेळतो. भावजय दर रविवारी येते. तिची पाळी आली की ताई विचारते, "नावाडी?" आणि ती म्हणते, "बसलाय." असे अकरा रविवार झाले.

काल ती म्हणाली, "उठलाय. पण कुठे जात नाहीये."

ताईनं तसंच लिहून घेतलं.