पंपाचा अर्धा आटा

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमची एक जुनी डिझेल गाडी होती. मी ती टुरिस्ट म्हणून चालवायचो आणि माझा थोरला भाऊ तिच्यात सतत काहीतरी खटपट करायचा. दादा अंधेरीच्या एका कारखान्यात टर्नर होता. भंगारात निघालेल्या जनरेटरचा टर्बो त्याने घासूनपुसून आमच्या इंजिनाला बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली म्हणून दादाने इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवलं. कसारा घाटात गाडी भरल्या सामानानिशी अशी चढायची की बस!

पण आरटीओच्या मैदानात पासिंगला गाडी जागेवर उभी करून रेस द्यावी लागते. उभ्या गाडीत टर्बो धड फिरत नाही, डिझेल मात्र जातंच. मागून काळा ढग निघाला आणि साहेबांनी फेल लिहिलं. पासिंगशिवाय गाडी धंद्याला काढता येईना. मी घरी बसलो.

"स्क्रू अर्धा आटा कमी कर ना, दादा. पास झाली की वाढव परत."

त्याने केला. तरी दुसऱ्या खेपेला पुन्हा तोच ढग! मी फॉर्म भरायला खिडकीवर गेलो, तेवढ्यात या महाशयांनी बॉनेट उघडून स्क्रू पूर्ववत केला होता.

"अरे, रांगेतले लोक ऐकत होते रे. मेल्यासारखी वाजत होती."

"वाजू दे की! वाट लावलीस माझी!" मी भर मैदानात त्याच्यावर ओरडलो.

"घाटात चला म्हणावं साहेबांना. तिथे दाखवा धूर," तो पुटपुटला.

तिसऱ्या खेपेला मी त्याला नेलंच नाही. तो कामावर गेल्यावर स्क्रू मीच अर्धा आटा कमी केला. गाडी एका झटक्यात पास झाली.

संध्याकाळी दादा चाळीच्या पायरीवर बसला होता. गाडीच्या आवाजावरूनच तो काय ते समजला. मी पुढे केलेला कागद त्याने पाहिलाही नाही. ज्या कागदापायी एवढा जळफळलो, तो हातात असून मला आनंद होईना. मी डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्यापुढे धरला.

"घे. कर परत."

"राहू दे," तो म्हणाला. "पुन्हा अडली तर तू घरी बसशील."

ती गाडी मी पुढे बरीच वर्षं चालवली. दर वर्षी ती पास झाली. घाटात ट्रकांच्या मागे रांगताना चिडचिड व्हायची, पण घरी येऊन दादाला ते कधी सांगितलं नाही.