कप्तानिणीचा विटकरी कोट

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईला सगळी गल्ली ताईच म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. बावीस वर्षं एकाच टेबलाशी उभी. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, अंग सगळ्यात शेवटी. हा क्रम कधी चुकला नाही. हात इस्त्रीवर असायचा, पण जीव मात्र समुद्रावर.

त्याचं असं झालं. धुतलेले कपडे बांधायला लाँड्रीत रद्दी यायची. त्यातल्या एका पेपरात शेवटच्या पानावर खाली चार चौकटींची चित्रगोष्ट असायची, ‘कप्तानीण’ म्हणून. एक बाई, तिची बोट, पाच खलाशी आणि एक भांडखोर बकरी. ताई शाळेत गेली ती दोनच वर्षं. पुढचं वाचायला तिला ह्या कप्तानिणीनंच शिकवलं. आता रद्दी काय तारीखवार येते होय? कप्तानीण बुडायच्या आधीच वाचलेली असायची, बकरी हरवायच्या आधी सापडलेली. ताई चौकटी कापून ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी मधला तुकडा हाती लागला की घरी येऊन सांगायची, "वहिनी, ती बोट कशी वाचली ते कळलं आज."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणायची. "माझा घास घशात अडकला होता."

मग ताईनं चित्रं काढायला घेतली. नक्कल नाही हं. कप्तानीण तीच, पण प्रसंग ताईच्या डोक्यातले. लाँड्रीत शर्टाच्या घडीत पुठ्ठा घालतात, एका बाजूनं पांढरा. कोपरा मोडला की पुठ्ठा बाद, आणि बाद झाला की ताईचा. पेन्सिल नरम शिशाची, कारण कडक पेन्सिल पुठ्ठ्यात नांगरासारखी चर पाडते आणि त्यात रंग साचतो. पाण्याच्या रंगांच्या वड्या बारा, पत्र्याच्या डब्यात. ब्रश दोन. एक आभाळाचा जाडा, दुसरा इतका बारीक की वहिनी त्याला भुवईचा केस म्हणायची. पाण्यानं पुठ्ठा वाकडा झाला की तो पालथा घालायचा, वर ओलसर फडकं टाकायचं आणि कोमट इस्त्री फिरवायची. सरळ.

आणि लाटा? त्या मेणखडूच्या. रंगवून झालं की वर बोटभर अंतरावर गरम इस्त्री धरायची. मेण विरघळतं आणि लाटेवर ओली चकाकी येते. टेकवली की संपलं. एकदा टेकली, अख्खा समुद्र इस्त्रीला चिकटला आणि कुणाच्या तरी पांढऱ्या पँटवर उतरला. मालकाला ती काय बोलली ते तिनं घरी आजवर सांगितलेलं नाही.

काढलेली चित्रं जायची गादीखाली. घरच्या तिघांशिवाय कुणी पाहिली नव्हती. एक दिवस दादानं, म्हणजे ताईच्या भावानं, वाचनालयाबाहेरची पाटी वाचली. कप्तानिणीच्या चाहत्यांनी स्वतः रंगवलेली चित्रं आणावीत, तीन दिवस भिंतीवर लावू.

"नको रे," ताई म्हणाली. "तिथे शिकलेले लोक येणार."

"अगं, ने," वहिनी म्हणाली. "तुझ्या चित्रांनी गादी अशी उंच झालीय की मला उतरायला स्टूल लागतं."

ताईनं नवंच चित्र केलं. तीन आठवडे लागले. वादळ उठलंय, कप्तानीण सुकाणूला भिडलीय, तिचा लांब कोट मागे उडतोय. चित्र संपलं तेव्हा ताई पहिल्यांदाच म्हणाली, "हे लावलं भिंतीवर तर बरं वाटेल मला." एवढंच. पण तिला ओळखणाऱ्याला कळलं, बाईचा सगळा जीव त्यात अडकलाय.

वाचनालयात चित्रं घ्यायला चित्रकलेचे मास्तर बसले होते, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी पुठ्ठा उजेडाला धरला. लाटांवरून नजर हलेना.

"हे पाणी कसं केलंत हो?"

"इस्त्रीनं."

मास्तरांना ती थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण ताई, कोट विटकरी कसा? निळा हवा."

"पेपरात रंग कुठे होता, मास्तर? नुसती काळी शाई."

"तरी दर्यावरच्या माणसाचा कोट निळाच असायचा. बघा ना, सगळ्यांनी निळाच केलाय." खरंच, भिंतीवर एका रांगेत निळेच निळे कोट. मधलं मोठं चित्र मास्तरांचं स्वतःचं. "उद्या निळा करून आणा, समोरच्या भिंतीवर लावतो. असं लावलं तर लोक हसतील. मला नाही लावता येणार."

बरोबर आलेल्या वहिनीनं तिला कोपरानं ढोसलं. "कर गं निळा. एवढ्याशा कोटावरून कशाला?"

ताईला भिंत हवी होती, फार हवी होती. पण तिच्या तोंडून निघालं, "इथे जुने पेपर ठेवता का हो?"

"ठेवतो. कोणत्या तारखेचा हवा?"

"तारीख नाही ठाऊक. बकरीनं नांगराचा दोर खाल्ला ना, त्याच्या पुढचा."

मास्तरांना ते लगेच कळलं. तेही चाहतेच. कपाटातून गठ्ठा काढला, पानं उलटली आणि सापडलं. कप्तानिणीनं आपला कोट आणि आचाऱ्याचा पांढरा शर्ट एकाच टबात भिजवलाय. शर्टावर बारीक ठिपके आलेत, म्हणजे फिका रंग चढलाय. आचारी पिंपामागे लपलाय आणि बाकीचे खलाशी पोट धरून हसतायत.

"कोटाचा रंग गेला," मास्तर म्हणाले. "निळा रंगही जातोच की."

"मास्तर, पांढरा कपडा उजळायला आम्ही काय घालतो?"

मास्तर पुन्हा त्या चौकटीवर वाकले.

"नीळ घालतो. निळसर शर्टाला कोण हसतंय? उलट म्हणतात, काय स्वच्छ धुतलाय. तो आचारी लपला, कारण शर्ट गुलाबी झाला."

चित्र द्यायला आलेली मागची बाई हळूच म्हणाली, "अगदी खरं. आमच्याकडे झालंय हे."

"मग लालभडक का नाही केलात?" मास्तरांनी अजून एक दोर ओढून पाहिला.

"लालभडक असता तर शर्ट एवढ्या ठिपक्यांवर सुटला नसता. जुना कोट तो, किती वादळं अंगावर घेतलीत त्यानं. लाल विटत गेला की असाच होतो. लाल वडी घेतली, पिवळी मातकट घेतली आणि हिरव्याचं एक बोट, भडकपणा मारायला. चौदा शर्टांचे पुठ्ठे खराब केले तेव्हा जमला हा रंग."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतः स्टुलावर चढले आणि ताईचं चित्र समोरच्या भिंतीवर लावलं, ऐन मध्ये. उतरून आपल्या चित्राकडे पाहत राहिले. "मग माझं काढून ठेवू का?"

"राहू द्या की," ताई म्हणाली. "एक धुवायला टाकला तर बाईला दुसरा कोट नको का?"

मास्तर हसले, मागची बाई हसली, ताईसुद्धा.

पुढचे तीन दिवस वहिनी घरातलं आटपून वाचनालयात जायची आणि त्या भिंतीपाशी उभी राहायची. "हे आमच्या नणंदेचं," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "कोट विटकरी का, ते विचारा." कुणी नाही विचारलं, तरी सांगायची.